तुझ्या वहीतलं निर्मनुष्य पठार

प्रिय वसंताभाऊ,

उद्या सकाळच्या पहिल्या परतवाडा गाडीनं तुझ्या अकरा वह्या वलगावातून निघतील. एकदा त्या सरकारी फायलीला जोडल्या गेल्या की पुन्हा कधी हातात येतील, सांगता येत नाही. म्हणून आज दुकान लवकर बंद करून लिहायला बसलो.

तू गेल्यापासून दोनदा असा बसलो होतो. दोन्ही वेळा 'प्रिय' लिहिलं आणि पुढं सुधरलं नाही. आज डोळे कोरडे आहेत, कारण मला तुझा राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये, असं तुझी आई, म्हणजे माझी मावशी म्हणायची. पण ती तर जिवंत माणसावरही रागवत नसे. तिचं सोड.

शेवटच्या आजारात तू वहिनीला सांगितलंस, 'वह्या गजूला द्या.' कशासाठी द्या, ते मात्र सांगितलं नाहीस. मी आपलं समजलो, आठवण म्हणून. कपाटात देवाच्या पोथ्यांखाली ठेवल्या. रोज दिवा लावताना त्यांच्याकडे नजर जायची आणि बरं वाटायचं. बारा हिवाळे आपण मेळघाटात पायी हिंडलो, त्याचं सगळं त्यात आहे. तू अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचास, मी इथं दुकानात पंपाच्या जळक्या मोटारी भरायचो, आणि वर्षातले आठ दिवस आपण दोघंही दुसरीच कोणी माणसं असायचो. तुझा गुडघा गेला आणि ते थांबलं. वह्या तेवढ्या राहिल्या.

संक्रांतीनंतर वहिनीचा अकोल्याहून फोन आला. 'भाऊजी, मेळघाटातून कोणी जसमाय नावाची बाई बोलली. वह्या मागून राहिली.'

जसमाय आठवते का? आपल्याला वाट दाखवणाऱ्या सुखलालची पोरगी. आपण जांबूढाण्याला पोचलो की तू खिशातून संत्र्याच्या गोळ्या काढायचास आणि ती हात पुढं न करता नुसती तोंड उघडून उभी राहायची. आता ती गावच्या वनहक्क समितीची सचिव आहे. पोरीच्या बोलण्याला अशी धार आहे की तुला आवडली असती. कदाचित नसती आवडली, कारण ती धार आता आपल्यावरच चालली आहे.

गोष्ट अशी झाली. जांबूढाण्यानं आपल्या जंगलावर सामूहिक हक्काचा दावा टाकला. कचेरीतून तो परत आला. म्हणे, तुम्ही कोणत्या ठिकाणी काय वेचता, काय धरता, कोणता देव पुजता आणि हे कधीपासून, त्याचं जुनं काही लिहिलेलं आहे का? आता कोरकू माणसाचं जुनं लिहिलेलं कुठून आणणार? त्यांचं सगळं पायात आणि तोंडात. तेव्हा सुखलालला आठवलं की एक मास्तर होता, जेवायच्या आधी लिहायचा, जेवल्यावर लिहायचा, चालता चालता थांबून लिहायचा. 'त्याच्या वहीत आपलं सगळं असन,' असं त्यानं ग्रामसभेत सांगितलं. सगळ्या गावाला धीर आला. पंधरा दिवसांत कागद पुन्हा पाठवायचे होते.

मी वह्या पिशवीत घातल्या आणि निघालो. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. वसंताभाऊनं कसं काम करून ठेवलं पाहा, असं मनात म्हणत होतो. सेमाडोहच्या पुढं गाडी बदलताना पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

शाळेच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. चाळीसेक माणसं असतील. सुखलाल खांबाला टेकून बसला होता. केस पांढरे, पण पाठ तशीच ताठ. मला पाहून म्हणाला, 'मास्तर एकटाच गेला का? तुले नाही नेलं?' मी म्हटलं, 'नाही दादा, मले कामाले ठेवलं.'

मग मी चौथी वही उघडून वाचायला लागलो. 'सकाळी गजूओढा ओलांडला. पाणी घोट्यापर्यंत. पलीकडच्या उतारावर गावातल्या सात-आठ बाया आवळे झोडत होत्या. एक म्हातारी म्हणाली, आमच्या आज्यासुद्धा इथंच यायच्या.'

यापेक्षा चांगला पुरावा कोणता असतो, सांग. जसमाय पेन सरसावून बसली होती. तिनं मान वर केली.

'गजूओढा? हा कोणता, काका?'

 म्हटलं, 'गजू म्हणजे मी.'

'तुमच्या नावाचा ओढा हाये का आमच्या इथं?'

मागच्या एका म्हातारीला मराठी कळत नव्हतं. तिनं शेजारणीला विचारलं, शेजारणीनं कोरकूत सांगितलं, आणि म्हातारी सगळ्यांत जास्त वेळ हसली. मीही हसलो. हसण्यावारी जाईल असं वाटलं. पान उलटलं. पुढं 'बुटाची खिंड', कारण तिथं तुझ्या बुटाचा तळ निघाला होता. त्यापुढं 'चहाटेकडी'. त्यापुढं 'आईचा वड', कारण तो वड मावशीसारखा कमरेत वाकलेला होता. पान उलटत गेलो तसा ओटा गप्प होत गेला.

भाऊ, तू काय काय लिहून ठेवलं आहेस. कोण कुठं मासे धरतो, कोणत्या कड्यावर मध आहे आणि तो काढायचा मान कोणत्या घराचा, गुरं कोणत्या वाटेनं चढतात, गवत कोणत्या महिन्यात कापतात. सगळं आहे. फक्त ते कुठं, हेच नाही. एकाही ठिकाणाला त्याचं स्वतःचं नाव नाही.

जसमायनं पेनचं टोपण लावलं. म्हणाली, 'काका, तुमच्या जंगलात आमी सगळे आहो. पण आमच्या जंगलात तुमी कुठं होते, हे कसं समजावं?'

मी वही मिटली. 

रात्रभर तुझ्याशी भांडत राहिलो. बारा हिवाळे सुखलाल आपल्या पुढं चालला. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड, आपल्या खांद्यावर पिशव्या. दहा पावलांवर माणूस होता. 'दादा, याला तुम्ही काय म्हणता?' एवढं विचारायला किती वेळ लागला असता? तू झाडाचं नाव विचारायचास, पाखराचं विचारायचास. जागेचं कधी विचारलं नाहीस. अकोल्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात तू म्हणालास, 'अजून कोणीच नाव न दिलेले डोंगर मी पाहिले आहेत.' टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसून मीही वाजवल्या. तेव्हाच उठून म्हणायला हवं होतं की भाऊ, नाव नसेल कसं, आपण विचारलं कुठं?

आणि आपण तरी कोणत्या गावचे? वलगावात बिननावाचं एक तरी वावर आहे का? चिंचेचं वावर, सतीचं वावर, मसण्याचं वावर. तुमचं धोंड्याचं वावर. त्यातला धोंडा तुझ्या आज्यानंही पाहिला नव्हता, तरी नाव धोंड्याचंच. तलाठ्यानं गट नंबर सांगितला तेव्हा तुझे वडील कसे तापले होते. 'नंबर तुया कागदाले असन, वावराले नाही. धोंड्याचं म्हन.' पुण्याचा एखादा पाहुणा त्या धुऱ्यावर उभा राहून म्हणाला असता, 'किती छान, याला आपण सूर्यास्त पॉइंट म्हणू', तर मावसोबांनी त्याला तुरीत लोळवला असता. त्यांच्या पोरानं आणि त्यांच्या साडूच्या पोरानं मेळघाटात जाऊन दुसरं काय केलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुखलालला म्हटलं, 'दादा, पाय चालतात का अजून?'

'तुझे पाहा,' तो म्हणाला.

तीन दिवस चाललो. तो पुढं, मधे मी वह्या घेऊन, मागं जसमाय मोबाईलमध्ये खूण करत आणि माझी टर उडवत. मी दम खायला टेकलो की विचारायची, 'काका, या दगडाले काय नाव देता? गजूगोटा?'

तुझ्या चित्रांनी लाज राखली, हे कबूल करतो. नाव चुकलेलं, पण रेघ चुकलेली नाही. सुखलाल वही डोळ्यांपासून हातभर लांब धरायचा, कड्याची भेग पाहायचा, मान हलवायचा आणि सरळ त्या जागी नेऊन उभा करायचा. बुटाची खिंड म्हणजे त्यांची अस्वल उतरते ती वाट. आईचा वड म्हणजे लग्नाची वरात थांबते ते झाड. गजूओढ्याचं खरं नाव मला तीन वेळा म्हणावं लागलं, तेव्हा कुठं जसमायनं होकार दिला. ही नावं मी या पत्रात लिहीत नाही. ती त्यांच्या कागदावर त्यांच्या हातानं गेली, तेच बरं. काही ठिकाणं सापडलीच नाहीत. तू नुसतं 'सुंदर वळण' असं लिहून ठेवलं आहेस. सुंदर वळणाला दावा कसा लावायचा?

सुखलाल एका ठिकाणी बसला आणि म्हणाला, 'मास्तरचा डोळा चांगला होता. कान नव्हता.'

 माझे कान तरी कुठं होते?

आता तिसऱ्या दिवसाचं सांगतो. त्यासाठीच खरं हे पत्र आहे.

सातव्या वहीतलं ते मोठं चित्र तुझं सर्वांत आवडतं. दोन पानं जोडून काढलेलं. आपण त्या पठारावर मुक्काम केला होता. संध्याकाळी मी कापूर लावला, प्रार्थना म्हटली, तूही सोबत म्हटलीस. मग खिचडी टाकली. इतकं शांत मला देवळातही कधी वाटलं नव्हतं. घरी आल्यावर कितीतरी दिवस मी जप करताना तेच पठार डोळ्यांपुढं आणायचो. हे तुला कधी बोललो नाही.

तिथं पोचायच्या जरा आधी सुखलालनं वहाणा काढल्या. जसमायनंही काढल्या. मी विचारलं, 'काऊन दादा?'

'देव हाये,' तो म्हणाला.

गवतात पाच दगड होते, गोल मांडलेले. जरासे मातीत रुतलेले. बाजूला मातीचे फुटके घोडे. भाऊ, हे घोडे आपण तेव्हा पाहिले होते. 'गुराख्यांच्या पोरांची खेळणी,' असं तू म्हणाला होतास आणि मी हो म्हटलं होतं. सुखलालच्या आज्याच्या वेळेपर्यंत गाव तिथं वर होतं. पाण्यासाठी खाली आलं, देव तिथंच राहिला. वर्षातून एकदा सगळं गाव त्याच्याकडे जातं. घोडे त्यालाच वाहिलेले.

आपली खिचडीची चूल मला आठवली. तीन दगड मीच उचलून आणले होते. सारखे, बसके, चुलीसाठी जणू घडवलेले. तू म्हणालास, 'गजू, देवानंच ठेवले बघ आपल्यासाठी.'

त्या रात्री सुखलाल लांब बसून होता. जेवला नाही. पोट भरलं आहे म्हणाला. आणि तू, नाही, तू नाही, मीच त्याला चिडवलं होतं, 'दादा, आमच्या हातचं चालत नाही का तुमाले?'

'तेव्हा काऊन नाही सांगितलं दादा?' मी विचारलं. 

 तो म्हणाला, 'तुमी देवाचं म्हणून राहिले होते. देवापाशी बसून कोणी देवाचं म्हणते, त्याले मधात कसं टोकाव? आन पुसलं कोणं? तुमी गेले, मंग मी वापस आलो. गोटे थंडे झाले होते. जागेवर लावले. एक कोंबडी देल्ली, माफी मांगली.'

'आमच्या तरफेनं?'

'मंग? तुमाले कुठं देव ओळखत होता.'

माळ घालणारा माणूस मी. गळ्याला हात गेला. इतकी वर्षं ज्या शांततेला मी माझी कमाई समजत होतो, तिची माफी दुसराच माणूस मागून मोकळा झाला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

मग जसमायनं वही मागितली. तुझं चित्र उघडलं आणि तिच्या तोंडून 'अरे बाप' निघालं. तू ते चूल मांडायच्या आधी काढलं होतंस. त्यात पाचही दगड आहेत, गोलात, जसेच्या तसे. दोन घोडे आहेत, एकाचा पाय तुटलेला. खाली तारीख आहे, तुझी सही आहे. गावाच्या देवाची जागा, एका परक्या माणसानं तेव्हा पाहिलेली. दाव्याला यापेक्षा मोठं काय हवं होतं? जसमायचे डोळे भरले. मला तर तुला मिठी मारावीशी वाटली.

आणि मग तिनं चित्राखालची ओळ वाचली. तुझ्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं आहे, 'निर्मनुष्य पठार.'

सुखलालला वाचता येत नाही. त्यानं विचारलं, 'काय लिवलं?'

जसमायनं माझ्याकडे पाहिलं. मलाच सांगावं लागलं. 'म्हणजे दादा, इथं कोणी माणूस नाही, असं.'

त्यानं वही हातभर लांब धरली. बराच वेळ पाहिलं. मग चित्राच्या उजव्या कोपऱ्यात बोट टेकवलं. तिथं झाडाच्या बुंध्याशी एक लहान आकृती आहे. गुडघे पोटाशी, खांद्याला कुऱ्हाड. तूच काढलेली.

'मंग हा कोण होय?'

वसंताभाऊ, तूच आता त्याला उत्तर दे. मी नाही देऊ शकलो. तुझ्या हातानं माणूस काढला आणि त्याच हातानं खाली लिहिलं की माणूस नाही. कसं झालं हे तुझ्याकडून? तू वाईट माणूस नव्हतास. त्याच्या पायात काटा गेला तेव्हा दिवसभर त्याचं ओझं तू वाहिलं होतंस. त्याच्या घरचा कुटकीचा भात मिटक्या मारत खायचास. मग 'निर्मनुष्य' लिहिताना तो तुला कोण वाटला? झाड?

खाली गावात येईपर्यंत जसमाय एकच म्हणत होती, 'काका, तो शब्द खोडा. कचेरीतले बाकी काही पाहणार नाही, तेवढंच वाचतीन. खालीच लिवलं हाये, कोणी राहत नाही म्हणून.' तिचं खरं होतं. खोडरबर तुझ्या कंपासपेटीतच होतं, तीही मी सोबत नेली होती. पेन्सिलीचं अक्षर, दोन घासण्यांत गेलं असतं.

माझा हात धजला नाही. तू गेलेला, तुझं अक्षर, हे तर होतंच. पण एक दुसरंही होतं. शब्द पुसला तर आपण जे केलं तेही पुसलं जातं. मग आपण नुसते दोन भले पाहुणे उरतो, ज्यांनी छान चित्र काढलं. तसे आपण नव्हतो.

जसमाय रागानं म्हणाली, 'तुमाले तुमच्या भावाची पडली, आमाले जंगलाची.'

सुखलालनं तिला गप्प केलं. मला म्हणाला, 'मास्तर तर गेला. तू हाये ना? तू तर व्हता तिथं.'

एवढंच म्हणाला. मग काय करायचं ते मला कळलं. तुझा शब्द मी तसाच राहू दिला. त्याच्या खाली, शाईच्या पेनानं, माझ्या शाळकरी अक्षरात लिहिलं. इथंही उतरवतो, म्हणजे तुला कळेल की मी तुझ्या वहीत काय केलं:

'वरील शब्द चुकीचा आहे. त्या दिवशी इथं तीन माणसं होती. त्यांपैकी सुखलाल जांबूढाण्याचे, चित्रात उजवीकडे बसलेले. पाच दगड हे त्यांच्या गावाचं देवस्थान आहे. आम्ही दोघा भावांनी न विचारता त्यातले तीन दगड उचलून चूल केली. नंतर सुखलाल यांनी ते जागेवर लावले. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातानं केलेलं लिहून देत आहे.' खाली माझं पूर्ण नाव, गाव, सही.

जसमायनं दोनदा वाचलं. म्हणाली, 'हे चालन.' आणि जरा वेळानं, 'काका, बोलावलं तर कचेरीत येऊन तोंडानं सांगसान का?'

म्हटलं, येईन. चारचौघांत सांगायला लाज वाटेल, पण येईन. मग वह्या घेऊन मी घरी आलो, सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढून जवळ ठेवायला. उद्या मूळ वह्या पोचवायच्या आहेत.

दावा मंजूर होईल की नाही, मला माहीत नाही. कचेरीतला माणूस चित्र पाहील, की तुझा शब्द पाहील, की माझी सही पाहील, देव जाणे. तू नीट लिहिलं असतंस तर माझ्या सहीची गरजच पडली नसती, हे मी विसरणार नाही. आणि मी तेव्हा विचारलं असतं तर तू नीट लिहिलं असतंस, हेही विसरणार नाही. वरती तुझी आई भेटली असेल तर तिला सांग, गजू पहिल्यांदा माझ्यावर इतका रागवला, आणि त्या रागात त्यानं स्वतःला सोडलं नाही.

वह्यांसोबत पिशवीत नारळ ठेवला आहे. सुखलालला विचारलं होतं, 'दादा, मी माळकरी, कोंबडी कशी देऊ?' तो म्हणाला, 'आता देव तुले ओळखते. नारळ घेईन तो.' उद्या कागद जसमायच्या हाती दिले की आम्ही वर जाणार आहोत. तुझ्याही वाटची माफी मागेन. पण या वेळी वहाणा कुठं काढायच्या, कुठं उभं राहायचं, काय म्हणायचं, सगळं आधी विचारेन. आणि जोवर पाय चालतात तोवर दर हिवाळ्यात जाऊन तुझी ती 'सुंदर वळणं' एकेक करून शोधेन, आणि झेरॉक्सवर प्रत्येकाखाली त्याचं खरं नाव सुखलालला विचारून लिहीन. तो नसेल तेव्हा जसमायला. हे माझं तुला वचन.

तुझाच,
गजू
ज्याच्या नावाचा आता कुठंही ओढा नाही